जुन्या इंग्लिश काउंटी नकाशाची प्रत स्वतः रंगवायची असेल तर

इंग्लंडमधल्या जुन्या पबात, वकिलाच्या ऑफिसात किंवा हॉटेलच्या जिन्यात त्या त्या काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) जुना नकाशा हमखास टांगलेला असतो. कोपऱ्यात शहराचा छोटा आराखडा, कडेने सरदार-उमरावांच्या कुलचिन्हांच्या ढाली, वर राजचिन्ह आणि मधे फिक्या गुलाबी-हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांनी विभागलेला मुलूख. सतराव्या शतकातली अस्सल प्रत घ्यायला जावं तर किंमत ऐकून माणूस परत फिरतो. छापील रंगीत प्रत स्वस्तात मिळते, पण तिचे रंग कॅलेंडरी वाटतात.

यातला मधला रस्ता म्हणजे नुसत्या काळ्या रेषांची चांगली प्रत छापून घ्यायची आणि रंग आपण भरायचे. यात काही नकली नाही. मूळ नकाशेही तांब्याच्या पत्र्यावर कोरून एकाच शाईत छापले जात आणि रंग नंतर ब्रशने भरला जाई. कितीतरी प्रती बिनरंगीच विकल्या जात.

मी लंडनजवळच्या स्लावला राहते आणि काही वर्षांपासून हे काम हौसेने करते. माहिती शोधायला गेलं की एक तर संग्राहकांसाठी लिहिलेलं सापडतं, नाहीतर वॉटरकलर शिकणाऱ्यांसाठी. या दोघांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला कोणता कागद घ्यावा, आधी काय रंगवावं, ढालीचा रंग कुठे शोधावा, हे कोणी सलग सांगत नाही. म्हणून हे लिहिलं. पुण्या-मुंबईत बसूनही यातलं सगळं करता येतं.

आधी सामान जमवा

- नकाशाची मोठ्या आकाराची स्कॅन फाइल आणि तिच्या वापराच्या अटींची एक प्रिंट
- १०० टक्के कॉटनचा, गुळगुळीत पृष्ठभागाचा (हॉट प्रेस), ३०० जीएसएमचा वॉटरकलर कागद
- चांगल्या प्रतीचे ट्यूबमधले किंवा वडीतले वॉटरकलर, सात-आठ रंग पुरतात
- टोकदार गोल ब्रश: ०, २ आणि ६ नंबर
- पाण्याची दोन भांडी, पांढरी चिनी मातीची बशी, टिपकागद
- भिंग, शक्यतो टेबलाला लावायचं दिवा असलेलं
- त्याच नकाशाच्या साध्या कागदावरच्या दोन-तीन ए४ झेरॉक्स आणि रंगीत पेन्सिली
- ढालींच्या रंगांची टिपणवही

शेवटच्या दोन गोष्टी लोक गाळतात. गाळू नका.

१. काउंटी ठरवा आणि तिच्या जुन्या सीमा बघून घ्या

बहुतेकांना आपण राहतो त्या गावाचा नकाशा हवा असतो आणि पहिला गोंधळ तिथेच होतो. स्लाव आज बर्कशायरमध्ये आहे, पण १९७४ पर्यंत ते बकिंगहॅमशायरमध्ये होतं. म्हणजे स्लावकरांनी जुना बर्कशायरचा नकाशा घेतला तर आपला भाग थेम्सच्या पलीकडे, काउंटीच्या हद्दीबाहेर दिसेल. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो या लंडनच्या उपनगरांतल्या लोकांनी मिडलसेक्स शोधायचं. ही काउंटी कारभारापुरती १९६५ मध्ये संपली, पण जुन्या नकाशांत ती ठसठशीत आहे. मिल्टन कीन्सवाल्यांनी मन घट्ट करावं. ते शहर वसवायचं ठरलं १९६७ मध्ये, तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या नकाशात त्या नावाचं फार तर एखादं खेडं शोधायचं.

दुसरी गंमत सुट्या तुकड्यांची. जुन्या काउंट्यांचे काही तुकडे शेजारच्या काउंटीच्या पोटात असत. बकिंगहॅमशायरचं कॅव्हर्सफील्ड चारही बाजूंनी ऑक्सफर्डशायरने वेढलेलं होतं. १८४४ च्या कायद्याने ते ऑक्सफर्डशायरला जोडलं गेलं. असा तुकडा दिसला तर ती छपाईची चूक समजून शेजाऱ्याच्या रंगात बुडवू नका.

पहिल्या नकाशासाठी समुद्रकिनारा नसलेली काउंटी निवडा. किनाऱ्यालगतचा गडद होत जाणारा निळा रंग एकसारखा लावणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि बिघडलं तर झाकता येत नाही.

२. कोणाचा नकाशा घ्यायचा

नावं बरीच आहेत, पण सुरुवातीला पाच ओळखीची झाली तरी काम चालतं.

क्रिस्टोफर सॅक्स्टन हा पहिला. त्याचा काउंट्यांचा अ‍ॅटलास १५७९ मध्ये निघाला. रेषा सुंदर आहेत, पण त्याने कधी कधी दोन-तीन काउंट्या एकाच पानावर घेतल्या आहेत. ऑक्सफर्डशायर, बकिंगहॅमशायर आणि बर्कशायर त्याच्याकडे एकत्र मिळतात.

जॉन स्पीड हा सगळ्यांचा लाडका. मूळचा शिंपी. त्याच्या नकाशांवर बऱ्याचदा १६१० साल दिसतं आणि अ‍ॅटलास १६११-१२ मध्ये बाजारात आला. मोजणी बरीचशी सॅक्स्टन आणि जॉन नॉर्डन या दुसऱ्या नकाशाकाराची, कोरीव काम अ‍ॅमस्टरडॅमच्या योडोकस होंडियसचं. पण कोपऱ्यात शहरांचे आराखडे, ढाली, लढायांची चित्रं अशी सजावट भरून नकाशा देखणा करणं स्पीडचं. मिडलसेक्सच्या नकाशात लंडन आणि वेस्टमिन्स्टरचे आराखडे आहेत, लेस्टरशायरच्या नकाशात बॉस्वर्थची लढाई आहे. बर्कशायरच्या नकाशावर वरच्या बाजूला विंडसरचा किल्ला पसरलेला आहे, त्यामुळे रेडिंगचा आराखडा शेजारच्या बकिंगहॅमशायरच्या नकाशात जाऊन बसला आहे. ज्यांना रेडिंग हवंय त्यांनी हे लक्षात ठेवावं. आणखी एक गोष्ट: स्पीडच्या काउंटी नकाशांत रस्ते नाहीत. नद्या आहेत, पूल आहेत, रस्ते नाहीत. "रस्ते छापायचे राहिले" असं म्हणून प्रिंटवाल्याशी भांडायला जाऊ नका.

ब्लाऊ या डच नकाशाकारांचे इंग्लंडचे नकाशे १६४५ चे. मोकळे, ऐसपैस, अक्षर देखणं, सजावट मोजकी पण मोठी. रॉबर्ट मॉर्डनचे १६९५ चे नकाशे साधे. त्यांत रस्ते आहेत आणि सजावट बहुतेक शीर्षकाच्या चौकटीपुरती आहे. टॉमस मूलचे १८३० च्या दशकातले नकाशे आकाराने लहान, कडेने गॉथिक कमानी आणि चर्चची चित्रं, पण पोलादी पत्र्यावरचं काम इतकं बारीक की डोळे दुखतात.

माझं मत विचाराल तर पहिला मॉर्डन करा, दुसरा स्पीड. सगळे जण उलट करतात, कारण स्पीड जास्त सुंदर दिसतो. पण ढाली आणि राजचिन्ह यांच्यापाशी नवखा माणूस अडतो आणि अर्धा नकाशा कपाटावर धूळ खात पडतो.

३. स्कॅन मिळवा आणि खालचं बारीक अक्षर वाचा

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे स्पीडच्या नकाशांच्या सुरुवातीच्या कच्च्या छापांचा संच आहे आणि तो त्यांच्या डिजिटल संग्रहात पाहता येतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड, अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि डेव्हिड रमसी संग्रह हीही चांगली ठिकाणं.

चारशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही. पण ज्या संस्थेकडून तुम्ही फाइल घेता, तिच्या अटी वेगळ्या असतात. कुठे नाव दिलं की झालं, कुठे फक्त खासगी वापर चालतो, कुठे विक्रीसाठी पैसे भरून परवानगी लागते. एकाच संग्रहात दोन चित्रांना दोन वेगळ्या अटी असू शकतात, म्हणून प्रत्येक चित्राखालचा मजकूर वाचायचा आणि त्या दिवशीची प्रिंट काढून ठेवायची. पुढे कोणी ऑर्डर दिली तर ती प्रिंट कामाला येते.

शक्यतो बिनरंगी प्रत शोधा. रंगीत प्रतीतून रंग काढून टाकता येतो, पण हिरव्या रंगाखालच्या बारीक रेषा पुसट होतात आणि ठिपक्यांच्या सीमा तर जातातच.

आकाराचं गणित सोपं आहे. स्पीडचा छापील भाग साधारण ३८ × ५१ सेंटिमीटर, म्हणजे १५ × २० इंच. एका इंचाला ३०० पिक्सेल धरले तर फाइल निदान ४५०० × ६००० पिक्सेलची हवी. हा नकाशा ए२ कागदावर नीट बसतो. वर-खाली दोन दोन आणि बाजूंना चार चार सेंटिमीटर समास उरतो.

४. छपाई

इथे पैसे वाचवायला गेलात की पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

घरगुती प्रिंटरची शाई बऱ्याचदा डाय प्रकारची असते. तिच्यावर ओला ब्रश फिरला की रेषा जांभळी होऊन पसरते. पाण्यात न विरघळणारी पिग्मेंट शाई हवी. लेझर प्रिंट पाण्याने पसरत नाही, पण टोनर कागदावर चकाकत राहतो, त्यावर रंग धरत नाही आणि जाड कॉटन कागद बहुतेक लेझर मशीनमधून जातही नाही.

प्रिंटवाला मोठ्या कौतुकाने "फाइन आर्ट इंकजेट पेपर" दाखवेल. तो नाही घ्यायचा. त्यावर शाई शोषायचा एक थर असतो. फोटोसाठी तो उत्तम, पण आपला पाण्याचा रंग त्यावर टेकला की तिथेच मुरतो, पुढे ओढता येत नाही आणि कडेला डाग राहतो. आपल्याला थर नसलेला वॉटरकलर कागदच हवा. रेषा किंचित मऊ येईल, ती येऊ द्या. बरेच प्रिंटवाले आपण नेलेला कागद लावून देतात, आधी फोनवर विचारून घ्या.

त्यांना तीन गोष्टी लिहून द्या: कागदाचा पिवळट रंग फाइलमधून काढून टाका, रेषा निव्वळ काळी न ठेवता काळपट तपकिरी ठेवा, आणि त्याच कागदाच्या वेगळ्या पट्टीवर नकाशाचा एक कोपरा छापून द्या. ही पट्टी तुमची कसोटी. एक दिवस वाळू द्या, मग ओला ब्रश रेषेवर चार-पाच वेळा फिरवा. पाणी स्वच्छ राहिलं तर पुढे जा. पुढचे सगळे रंगही आधी याच पट्टीवर लावून बघायचे.

नावांची स्पेलिंग सुधारायचा मोह आवरा. "बार्कशायर" असंच लिहिलेलं असतं, ईटनच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असतं. तेच बरोबर आहे.

जुन्या काळी कागदावर सरस आणि तुरटीचं पातळ पाणी फिरवत, म्हणजे रंग आत मुरत नसे. आजच्या वॉटरकलर कागदाला तो लेप कारखान्यातच दिलेला असतो, तो पुन्हा द्यायची गरज नाही. बऱ्याच कागदांत हा लेप जिलेटिनचा असतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कागद घेताना कंपनीकडे विचारावं, बिनजिलेटिनचेही मिळतात.

५. रंग: जुन्यांची यादी वाचा, पण वापरा आजचे

जुन्या रंगाऱ्यांच्या बशीत काय होतं हे वाचताना आपल्याला परकं वाटत नाही. नीळ, हिंगूळ, शेंदूर, जंगाल, केशर, किड्यांपासून काढलेला किरमिजी, गॅम्बोज नावाचा झाडाच्या चिकाचा पिवळा, आणि सगळं बांधून ठेवायला डिंक. पण यातलं निम्मं विषारी आणि उरलेलं बेभरवशाचं. शेंदूर म्हणजे शिशाचा रंग, तो काळाने काळपट पडतो. हिंगूळात पारा. देव्हाऱ्यातला शेंदूर घोटून लावायची कल्पना कोणाच्या मनात आली असेल तर ती तिथेच सोडा.

जंगाल तांब्यापासून करतात आणि तो कागद खातो. जुन्या नकाशांची मागची बाजू पाहिलीत तर जिथे पुढे हिरवा आहे तिथे मागे तपकिरी छाया उमटलेली दिसते, काही ठिकाणी कागद तडकतोही. जाणकार माणूस जुना रंग ओळखताना आधी नकाशा उलटा करतो तो यासाठी.

आज घ्यायचे रंग असे: सॅप ग्रीन, इंडिगो, एक फिका निळा, न्यू गॅम्बोज, यलो ऑकर, पर्मनंट अ‍ॅलिझरिन, एक शेंदरी लाल, बर्न्ट अंबर. साधा अ‍ॅलिझरिन क्रिमझन उजेडाने उडतो, म्हणून नावात "पर्मनंट" आहे का बघा. सगळे पातळ केल्यावर खालची रेष दिसेल असे हवेत. अपारदर्शक पोस्टर कलर रेषेवर बसला की कोरीव काम गेलं, आणि कोरीव काम गेलं की नकाशात राहिलं काय?

६. चार रंगांचा आराखडा पेन्सिलीने

काउंटीच्या आत ठिपक्यांच्या रेषांनी वेगळे केलेले भाग दिसतील. हे हंड्रेड, म्हणजे जुने पोटविभाग, साधारण आपले तालुके म्हणा. उत्तरेकडच्या काही काउंट्यांत त्यांना वॉपनटेक म्हणतात, केंटमध्ये हंड्रेडच्या वर लेद नावाचे मोठे विभाग असतात, ससेक्समध्ये त्यांना रेप म्हणतात. बकिंगहॅमशायरच्या दक्षिणेला स्टोक, डेस्बरो आणि बर्नम असे तीन चिल्टर्न हंड्रेड आहेत. ब्रिटिश खासदाराला सरळ राजीनामा देता येत नाही, म्हणून त्याला या चिल्टर्न हंड्रेडच्या कारभाऱ्याचं नाममात्र पद देऊन मोकळं करतात. म्हणजे ज्या तीन तुकड्यांना तुम्ही रंग देणार, त्यांचं नाव वेस्टमिन्स्टरमध्ये अजून कामाला येतं.

शेजारच्या दोन हंड्रेडना एकच रंग येता कामा नये. किती रंग लागतील? १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री नावाचा तरुण इंग्लंडच्या काउंट्यांचाच नकाशा रंगवत होता, तेव्हा चार रंगांत भागतं हे त्याच्या लक्षात आलं. त्याच्या भावाने तो प्रश्न ऑगस्टस डी मॉर्गनपर्यंत पोचवला. हा गणिती मूळचा मदुराईत जन्मलेला. सिद्धता मात्र १९७६ मध्ये अ‍ॅपल आणि हाकन यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने दिली. आपल्याला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे: गुलाबी, पिवळा, हिरवा, निळसर. पाचवा रंग तेव्हाच काढा, जेव्हा एखाद्या हंड्रेडचा सुटा तुकडा दुसरीकडे पडला असेल. सुट्या तुकड्याला मूळ भागाचाच रंग द्यायचा असतो आणि तिथे चाराचा हिशेब मोडू शकतो.

हे सगळं ए४ झेरॉक्सवर रंगीत पेन्सिलीने आधी करून बघा. ठिपक्यांच्या सीमा गावांच्या नावांत आणि झाडांत हरवतात, भिंग घेऊन एकेक शोधावी लागते. ब्रश हातात असताना सीमा शोधायची वेळ येऊ देऊ नका.

७. हंड्रेडच्या सीमा रंगवणे

कामाचा गाभा हा. पूर्ण हंड्रेड सपाट रंगाने भरायचा नाही. सीमेच्या आतल्या बाजूने रंगाचा पट्टा द्यायचा आणि तो आत जाताना विरवायचा.

कागद पाटावर मास्किंग टेपने चिकटवा. बशीत रंग करा तो ताकावरच्या निवळीइतका पातळ. नवख्यांचा रंग नेहमी दाट होतो. कसोटीच्या पट्टीवर लावून वाळू द्या, वाळल्यावर "अरे, हा तर दिसतच नाही" असं वाटलं तर बरोबर आहे. दुसरा हात देता येतो, पहिला काढता येत नाही.

मग सीमेच्या आतून अर्धा सेंटिमीटर रुंदीची, बोटभर लांबीची पट्टी नुसत्या स्वच्छ पाण्याने ओली करा. ओली म्हणजे चकाकणारी, थेंब साचलेली नव्हे. २ नंबरच्या ब्रशच्या टोकाने बरोबर ठिपक्यांवरून रंगाची बारीक रेघ ओढा. रंग ओल्या भागात आपोआप आत सरकतो. लगेच दुसरा, धुवून टिपलेला ब्रश आतल्या कडेवरून फिरवा म्हणजे कड दिसणार नाही. मग पुढची बोटभर पट्टी. जोड येतो तिथे आधीची कड अजून दमट असतानाच पुढे जायचं. म्हणून हंड्रेड सुरू केला की तो पूर्ण करूनच उठायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

शेजारचा हंड्रेड याच बैठकीत करायचा नाही. हा पूर्ण वाळला की मगच, नाहीतर गुलाबी आणि हिरवा ठिपक्यांवर भेटून मळकट होतात. एका बैठकीत एकमेकांना न लागणारे दोन-तीन हंड्रेड घ्या.

शेजारच्या काउंट्या कोऱ्या ठेवा. फार तर हद्दीच्या बाहेरून एक फिकट पिवळी रेघ.

८. डोंगर, राया, नद्या, गावं

डोंगर म्हणजे साखरेच्या ढेपेसारखे छोटे उंचवटे. कोरणाऱ्याने सावली बहुधा उजव्या बाजूला दिलेली असते. तिथेच बर्न्ट अंबरचा एक स्पर्श, डावी बाजू कोरी. झाडांना सॅप ग्रीन, तोही पायथ्याशी. कुंपणाने वेढलेली गोल आवारं दिसतात ती हरणांची राखीव रानं. आत हलका हिरवा, कुंपण तसंच सोडायचं. नदी फक्त रुंद असेल तिथे निळी. ओढ्यांच्या एकेरी रेषांवर निळा फिरवला तर त्या जाडजूड दिसतात.

गावांच्या खुणा म्हणजे चर्चचे छोटे मनोरे. जुन्या रंगाऱ्यांचा ठराविक शेंदरी ठिपका इथे येतो. ० नंबरचा ब्रश, टोकावर अगदी थोडा रंग, आणि मनोऱ्याच्या छपरावर एकच टेका. शेकडो गावं असतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण नकाशा जिवंत होतो तो यानेच. गावाच्या नावावर रंग जाऊ देऊ नका.

९. ढाली

इथे कल्पनाशक्ती चालत नाही. प्रत्येक ढालीचे रंग ठरलेले आहेत आणि एखादा इंग्रज पाहुणा बरोबर त्याच ढालीसमोर येऊन उभा राहतो.

राजचिन्हापासून सुरुवात करा, ते ठाऊक असलेलं आहे. स्पीडच्या नकाशावर पहिल्या जेम्सचं चिन्ह असतं. पहिल्या आणि चौथ्या चौकोनात पुन्हा चार भाग: निळ्यावर सोनेरी लिलीची फुलं फ्रान्सची, लालवर तीन सोनेरी सिंह इंग्लंडचे. दुसऱ्या चौकोनात सोनेरीवर लाल सिंह स्कॉटलंडचा, तिसऱ्यात निळ्यावर सोनेरी हार्प आयर्लंडची. फ्रान्स कशाला, असं विचारू नका. इंग्लंडच्या राजांनी तो हक्क १८०१ पर्यंत सोडला नव्हता.

उमरावांच्या ढालींशेजारी नाव लिहिलेलं असतं. ते नाव घेऊन ढालींच्या संदर्भग्रंथात वर्णन शोधायचं आणि वहीत उतरवायचं. जुन्या रंगीत प्रतीवरून नक्कल करू नका, त्या रंगाऱ्यांनीही ढाली सर्रास चुकवल्या आहेत. एक ताळा मात्र हाताशी ठेवा: सोनेरी आणि पांढरा हे "धातू", लाल-निळा-काळा-हिरवा-जांभळा हे "रंग". नियम असा की धातूवर धातू किंवा रंगावर रंग येत नाही. वहीत निळ्यावर लाल सिंह आला असेल तर पुन्हा तपासा. अपवाद असतात, पण थोडे.

नंतरच्या काळातल्या छापील ढालींत रंग रेषांनी दाखवलेले असतात. उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी. ही पद्धत १६३० च्या दशकात रूढ झाली. १६१० च्या नकाशावरच्या रेषांचा असा अर्थ लावू नका, ती नुसती सावली असते.

सोनेरीसाठी गॅम्बोज वापरा. सोनेरी जेल पेन कितीही खुणावत असलं तरी हात लावायचा नाही. पांढरं म्हणजे कोरा कागद. काळा मात्र दाट नको, खालची रेष दिसली पाहिजे.

१०. शीर्षकाची चौकट आणि किनार

ही सगळ्यात शेवटी. इथे थोडी मोकळीक आहे. पट्ट्यांच्या वळणांना पिवळा आणि गुलाबी, दगडी भागाला पातळ अंबर, मोजपट्टीवरच्या कंपासला पिवळा. गडद हिरव्याला जुन्यासारखी झाक हवी तर त्यात डिंकाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. जास्त पडला तर वाळल्यावर तडे जातात. किनारीच्या चौकटीला एकच रंग पुरे.

११. जुनं दाखवायचे उद्योग

चहाचं पाणी, कॉफी, ओव्हनमध्ये भाजणं, कडा मेणबत्तीवर धरणं यांचे व्हिडिओ भरपूर आहेत. चहातलं टॅनिन कागदाला पुढे ठिसूळ करतं. शिवाय मुद्दाम जुना केलेला नकाशा उद्या तुमच्या हातून सुटून तिसऱ्याकडे गेला की अस्सल म्हणून विकला जाऊ शकतो. म्हणून मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने स्पष्ट लिहा: कोणाच्या कोणत्या सालच्या नकाशाची प्रत, फाइल कुठल्या संग्रहातली, छपाईचं साल, रंग कोणी भरला. स्पीडच्या अ‍ॅटलासच्या पानामागे मजकूर छापलेला असे. तो छापून घ्यायचा आग्रह धरू नका, फसवणुकीला मदत होण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

१२. विकायचा विचार असेल तर

दोन-चार लोकांनी कौतुक केलं की हा विचार येतोच. विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा करायला मनाई आहे आणि ऑनलाइन नकाशे विकणं हा धंदाच धरला जातो. नोकरीच्या व्हिसावर असाल तर त्याच्या अटी आधी वाचा, मगच दुकान उघडा. व्हिसाची अडचण नसेल तर करवर्षात १,००० पौंडांपर्यंतच्या अशा उलाढालीला ट्रेडिंग अलाउन्सची सूट मिळते. त्यापुढे कर खात्याकडे नोंदणी लागते. वर्णनात "प्रत" हा शब्द पहिल्याच ओळीत हवा, आणि स्कॅनच्या विक्रीच्या अटी तिसऱ्या पायरीत पाहिल्याच असतील.

स्वतः न रंगवता "हाताने रंगवलेली प्रत" विकत घेणार असाल तर भिंग घेऊन जा. छापील रंग बारीक रंगीत ठिपक्यांचा बनलेला दिसतो. हाताने लावलेल्या रंगात ठिपके नसतात, पण कडेला रंग थोडा साचलेला असतो आणि एखाद्या मनोऱ्याचा लाल टेका रेषेबाहेर गेलेला सापडतो.

१३. फ्रेम

आम्लविरहित माउंट, म्हणजे नकाशाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, सांगा. तिच्यामुळे काच कागदाला टेकत नाही. अतिनील किरण अडवणारी काच महाग पडते, पण दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगणार असाल तर ती घ्या, नाहीतर जागा बदला. न्यायला-आणायला जाड नळी वापरा, रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी करा, आणि मधे बटर पेपर नको, तर आम्लविरहित टिश्यू घाला.

मुंबई-कोकणात न्यायचा असेल तर फ्रेमच्या मागची बाजू टेपने नीट बंद करून घ्या आणि भिंतीपासून थोडी सुटी राहावी म्हणून खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. ओल भिंतीतून येते, बुरशी मागून सुरू होते. कसरीला कॉटनचा कागद आवडतो. पावसाळा संपला की फ्रेम उतरवून मागची टेप सुटली नाही ना, एवढं बघायचं.